घोड्यावरच्या सिस्टर आणि त्यांची रजिस्टरं

गुडघ्यापर्यंत बूट घातलेली, घोड्यावर बसून नदीतून पलीकडे निघालेली एक नर्स, असा एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो नेटवर अधूनमधून फिरत असतो. खाली कॅप्शन ठरलेली, धाडस, त्याग, नारीशक्ती वगैरे, आणि मग हात जोडलेल्या इमोजींची रांग. फोटोवर माझा राग नाहीये, फोटो मस्तच आहे. पण मी स्वतः एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स-सुईण, म्हणून वर्षानुवर्षं वाड्यावस्त्या पालथ्या घातल्यात, त्यामुळे माझी नजर आधी घोड्यावर जातच नाही, ती जाते खोगिराच्या दोन बाजूंना लटकणाऱ्या त्या फुगलेल्या पिशव्यांवर. आत काय काय असेल, कसं लावलं असेल, नदीत भिजत नसेल का, घरी आल्यावर धुवत कोण असेल. रिटायर झाल्यावर वेळ आहे म्हणून शोधत बसले, एकातून एक निघत गेलं, आणि आता ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना म्हणून हे लिहितेय. लांबलंय, आधीच सांगते.

तर या बायका होत्या फ्रंटिअर नर्सिंग सर्व्हिस या संस्थेच्या नर्स, अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या लेस्ली काउंटीतल्या. अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या कुशीतला आग्नेय कोपरा, लोकसंख्या तेव्हा दहा हजारांच्या आसपास, मुख्य गाव हायडन आणि तेही टीचभर. अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे येतं त्यातलं काहीच तिथे नव्हतं. १९२५ साली तिथे मोटारीचा रस्ता नाही, वाहता ओढा हाच रस्ता, पाऊस झाला की तोही बंद. जवळचं रेल्वे स्टेशन म्हणजे शेजारच्या काउंटीतलं हॅझर्ड. लाकडी ओंडक्यांच्या खोपट्या, आतून थंडी अडवायला भिंतींना चिकटवलेले जुने पेपर, उतारावर मका, घरटी सहा-आठ पोरं. शिकलेला परवानाधारक डॉक्टर गाठायचा तर डोंगर ओलांडून जायचं, आणि तो आला तरी त्याची फी ऐकूनच माणूस परत फिरायचा. बाळंतपणं कोण करायचं? सुईणी. तिकडे त्यांना ग्रॅनी म्हणत. कळा कमी व्हाव्यात म्हणून खाटेखाली कुऱ्हाड ठेवणं वगैरे प्रकार तिथेही चालायचे, वाचताना मला हसू आलं कारण खाटेखाली लोखंड काय फक्त आपल्याकडेच ठेवतात असं मला वाटायचं.

इथे आली मेरी ब्रेकिन्रिज, ही संस्था उभी करणारी बाई. ही काही गरीबाघरची पोर नव्हे बरं का, आजोबा अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते, वडील रशियात अमेरिकेचे वकील होते, म्हणजे राजनैतिक प्रतिनिधी, लहानपण परदेशात गेलेलं. जन्म १८८१ चा. पहिला नवरा १९०६ मध्ये गेला, मग तिने न्यूयॉर्कला जाऊन नर्सिंग केलं, दुसरं लग्न केलं, मुलगी वेळेआधी जन्मली आणि काही तासांतच गेली, मुलगा ब्रेकी चार वर्षांचा होऊन १९१८ मध्ये गेला. लग्नही मोडलं. या सगळ्यावर लोक फार लिहितात, दुःखातून सेवा जन्माला आली टाईप. असेलही. मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं ते पुढचं, की पहिल्या महायुद्धानंतर ती फ्रान्समध्ये उद्ध्वस्त गावांत काम करायला गेली आणि तिथून इंग्लंडला जाता-येता तिच्या लक्षात आलं की अरे, इथे नर्स आणि मिडवाइफ, म्हणजे शिकलेली सुईण, ही एकच बाई असते! अमेरिकेत तेव्हा तसं नव्हतं. नर्स ताप बघायची, जखमा बांधायची, पण डिलिव्हरीला हात लावायची नाही, आणि डिलिव्हरी करणाऱ्या ग्रॅनीला नर्सिंगचा गंध नाही. दोन्ही शिकवणारी शाळाच अमेरिकेत नव्हती. इंग्लंडमध्ये १९०२ च्या कायद्याने मिडवाइफला ट्रेनिंग, परीक्षा, नोंदणी सगळं लागू झालेलं होतं. मग ही बाई, चाळिशी उलटून गेलेली, लंडनला वुलिचच्या प्रसूती हॉस्पिटलात विद्यार्थिनी म्हणून दाखल झाली आणि परीक्षा पास झाली. चाळिशीनंतर होस्टेलवर राहून नाइट ड्युट्या! मी त्या वयात सीएमईच्या, म्हणजे रिफ्रेशर ट्रेनिंगच्या, एका दिवसाला सुद्धा कुरकुरायचे.

पण इंग्लंडच्या शहरातलं मॉडेल केंटकीच्या डोंगरात चालणार नाही हे तिला कळत होतं, म्हणून १९२४ मध्ये ती स्कॉटलंडला गेली. ही गोष्ट फोटोवाल्या कॅप्शनमध्ये कधीच नसते आणि माझ्या मते सगळ्याची किल्ली इथे आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडचा डोंगराळ भाग आणि बेटं, तिथली परिस्थिती लेस्ली काउंटीसारखीच, वस्त्या विखुरलेल्या, लोक गरीब, डॉक्टरला परवडत नाही म्हणून डॉक्टर टिकत नाही. १९१२ मध्ये एका सरकारी समितीने, ड्यूअर समिती म्हणतात तिला, हे सगळं तपासून अहवाल दिला आणि १९१३ मध्ये सरकारी पैशातून हायलँड्स अँड आयलंड्स मेडिकल सर्व्हिस उभी राहिली. त्यात गावोगावी डिस्ट्रिक्ट नर्स होत्या, घरोघर जाणाऱ्या, बाळंतपणं करणाऱ्या. मेरीबाईंनी तिथे फिरून, नर्सेसबरोबर राहून, कुठे किती अंतरावर नर्स बसवलीय, पगार कोण देतं, डॉक्टरशी तिचं नातं काय हे सगळं टिपून घेतलं. सरळ कॉपी मारली म्हणा. आणि कॉपी मारल्याचं लपवलं पण नाही, १९२८ मध्ये हायडनचं छोटं हॉस्पिटल सुरू झालं तेव्हा उद्घाटनाला स्कॉटलंडहून सर लेस्ली मॅकेंझी यांना बोलावलं, जे तिकडच्या त्या कामातले मोठे अधिकारी होते.

बरं, काम सुरू करण्याआधी तिने काय केलं ते बघा. १९२३ च्या उन्हाळ्यात घोड्यावर बसून लेस्ली आणि आसपासच्या आणखी दोन काउंट्यांत फिरली आणि ५३ ग्रॅनींना भेटली. बहुतेक साठीच्या पुढेमागे, बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. आणि १९२५ मध्ये, म्हणजे एकही नर्स घरात जाऊन पोट तपासायच्या आधी, स्कॉटलंडहून बर्ट्रम आयर्लंड नावाच्या सर्व्हेतल्या जाणकार बाईंना बोलावून काउंटीत घरोघर जन्म आणि मृत्यू मोजायला लावले. कारण सरकारी नोंदी अर्धवट होत्या. किती बाळं जन्मली आणि किती गेली हेच माहीत नसेल तर उद्या काम करून फरक पडला की नाही हे सांगणार कशाच्या जोरावर?

हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. कारण रजिस्टर हा आमच्या नोकरीतला सगळ्यात शिव्या खाल्लेला प्रकार. बाई कळा देतेय आणि सिस्टर कॉलम भरतेय अशी आमची चेष्टा व्हायची, ती काही खोटीही नव्हती, एकच माहिती चार ठिकाणी लिहायची आणि महिनाअखेरीला बेरीज जुळत नाही म्हणून रात्र जागवायची. पण ती वही नसेल तर काय होतं हे पण मी बघितलंय. नोंद नसलेलं बाळ गेलं की ते कुणाच्याच खात्यावर जात नाही, सासू म्हणते देवाने दिलं देवाने नेलं, आणि पुढच्या वर्षी तीच बाई परत तशीच.

आता रचना सांगते. संस्थेचं नाव आधी केंटकी कमिटी फॉर मदर्स अँड बेबीज, १९२८ पासून फ्रंटिअर नर्सिंग सर्व्हिस. हायडनला हॉस्पिटल, वेंडोव्हरला नदीकाठी ओंडक्यांचं मोठं घर, तिथे मुख्य ऑफिस, आणि चहूबाजूंना नर्सिंग सेंटरं, १९३० पर्यंत अशी सहा झाली. प्रत्येक सेंटरभोवती पाच मैल त्रिज्येचं वर्तुळ, म्हणजे साधारण ७८ चौरस मैल, हा त्या सेंटरचा डिस्ट्रिक्ट. सेंटरला सहसा दोन नर्स, घोडे, एक गाय, आणि कामाला गावातली एखादी बाई. एक नर्स डिलिव्हरीला गेली तर दुसरी सेंटरवर. पाच मैलच का, तर घोड्यावरून तासाभरात वर्तुळाच्या टोकाला पोचता यावं. यावर मी कितीतरी वेळ विचार करत बसले होते. आमच्याकडे उपकेंद्र डोक्यांवर ठरतं, सपाटीला पाच हजार लोकांमागे एक, डोंगरी-आदिवासी भागात तीन हजारांमागे एक. ते चूक आहे असं नाही, पण तीन हजार माणसं किती डोंगरांवर पसरलीत याचा हिशोब त्या आकड्यात कुठे असतो? बाईला रक्तस्राव सुरू झाल्यावर सिस्टर किती वेळात पोचेल, हा प्रश्न आधी ठेवायचा आणि मग नकाशावर गोल काढायचा, ही साधी गोष्ट आहे हो, पण ती शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी करून ठेवलीय हे मला आत्ता कळतंय.

बॅगेवर यायलाच हवं, त्यासाठी तर सगळा उद्योग केला. खोगिराच्या पिशव्यांचं वजन चाळीस पौंडांच्या आसपास, म्हणजे अठरा किलो. बाहेरून चामडं, आतून पांढऱ्या कापडाचं अस्तर आणि ते काढून धुता येणारं! डिलिव्हरीची पिशवी वेगळी, रोजच्या आजारपणाची वेगळी. आत गाऊन, हातमोजे, साबण-ब्रश, एनॅमलची भांडी, नाळेचं सामान, बाळाच्या डोळ्यांत घालायचं सिल्व्हर नायट्रेट, बाळ तोलायचा काटा. ज्यांनी एएनएम किंवा जीएनएम केलंय त्यांना बॅग टेक्निकची प्रॅक्टिकल आठवत असेल. घरात शिरल्यावर बॅग जमिनीवर ठेवायची नाही, आधी पेपर अंथरायचा, हात धुवायचं सामान वरच्या कप्प्यात, हात धुतल्याशिवाय आतल्या कप्प्यात हात घालायचा नाही, वापरलेलं परत आत जाणार नाही. आम्हाला ट्यूटर मॅडम इतक्या पिडायच्या त्यावरून की आम्ही त्यांची नक्कल करायचो. या बायका मातीच्या जमिनीच्या खोपटात, कंदिलाच्या उजेडात, हेच करत होत्या, खाली पेपर अंथरून, पाणी उकळून. घरात स्वच्छ चादर नसेल हे धरूनच चालायचं. आणि हे लक्षात घ्या की हा सगळा काळ अँटिबायोटिकच्या आधीचा आहे. सल्फाची औषधं आली ती तीसच्या दशकाच्या मध्यानंतर, पेनिसिलिन त्याच्याही नंतर. बाळंतज्वर झाला तर हातात काही नाही. म्हणजे हात धुणं हेच औषध.

आता खरं काम. फोटोत नर्स रात्री-अपरात्री डिलिव्हरीला धावतेय असं दिसतं, आणि त्या धावायच्याच, बापई माणूस खेचर घेऊन बोलवायला येऊ शकतो तर नर्सही त्याच वाटेने आईपर्यंत जाऊ शकते असं त्यांचं म्हणणंच होतं. पण डिलिव्हरी ही शेवटची व्हिजिट असते ना! त्याआधीच्या व्हिजिटांचा फोटो कोण काढतं. बाईने शक्य तितक्या लवकर नाव नोंदवायचं, मग सातव्या महिन्यापर्यंत साधारण पंधरवड्याला एकदा आणि नंतर दर आठवड्याला नर्स घरी येणार, बीपी, लघवी, सूज, बाळाची पोझिशन. डिलिव्हरीनंतर दहा दिवस रोज. आमच्या भाषेत एएनसी-पीएनसी. बघा आता, एका घरी दहा मिनिटांचं काम आणि जायला-यायला दोन तास ओढ्यातून, आणि बहुतेक वेळा तिथे काहीच प्रॉब्लेम नसतो. सगळं नॉर्मल आहे असं लिहून परत यायचं. याच्याइतकं कंटाळवाणं काम नाही, मी सांगते तुम्हाला, आणि बाई वाचते ती याच कामाने. कारण लघवीत प्रथिन दिसलं, बीपी चढलेलं दिसलं, बाळ आडवं वाटलं, की हातात आठवडा-दोन आठवडे असतात. तेवढ्यात तिला हायडनला हलवता येतं. कळा सुरू झाल्यावर झटके आले तर हातात काहीच उरत नाही.

हलवणं म्हणजे काय प्रकार होता ते पण ऐका. स्ट्रेचर, आणि वस्तीतली दहा-बारा माणसं आळीपाळीने खांदा देत डोंगरावरून. हॉस्पिटलातही जमणार नसेल तर पुढे हॅझर्डला, तिथून रेल्वेने मोठ्या शहरात. झोळीतून बाई आणलेली ज्यांनी पाहिलीय त्यांना वेगळं वर्णन नको.

डॉक्टर नाही तर मग औषध कुणाच्या सहीने? यावर त्यांनी काढलेला तोडगा मला जाम आवडला. लेक्सिंग्टनच्या डॉक्टरांची एक सल्लागार समिती होती, तिने लेखी नियमपुस्तिका करून दिली, मेडिकल रूटीन्स. अमुक लक्षण असेल तर नर्सने तमुक द्यायचं, अमुकच्या पुढे गेलं तर थांबायचं नाही, पाठवायचं. त्यामुळे नर्सला एकटीने निर्णय घेता यायचा आणि उद्या कुणी बोट दाखवलं तर कागद हातात. सिस्टरला जबाबदारी सगळी द्यायची आणि अधिकार लेखी द्यायचा नाही, निभावलं तर टीमवर्क आणि बिघडलं तर सिस्टरने विचारलं का नाही, हा खेळ मी पुष्कळ खेळलेय, त्यामुळे या पुस्तिकेची किंमत मला कळते.

आणि फक्त बाळंतपणं नव्हती हां. टायफॉइड, घटसर्प, देवीच्या लसी, पोरांचे जंत, हुकवर्म तर घरोघर, विहिरी-संडासाचं प्रबोधन, भाजलेलं, कापलेलं, बंदुकीच्या गोळीच्या जखमा सुद्धा, कारण भांडणं पिढीजात आणि बंदूक दाराशी. डोंगरात चोरून दारू गाळायचे सगळीकडे. नर्सला सक्त सूचना की दारू, धर्म आणि राजकारण या तीन गोष्टींवर तोंड उघडायचं नाही, काय दिसलं ते पोटात ठेवायचं. घराजवळ गेल्यावर आधी फाटकाबाहेरून हाक मारायची, मगच आत. हे कुठल्या सिलॅबसमध्ये नसतं. पण गावात टिकायचं तर हेच लागतं, ज्या सिस्टरने एकदा एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात सांगितली तिचा विषय संपला.

फी होती. बाळंतपणाचे पाच डॉलर, म्हणजे आधीच्या सगळ्या व्हिजिटा, डिलिव्हरी आणि नंतरचे दिवस धरून, आणि बाकी नर्सिंगसाठी वर्षाला घरटी एक डॉलर. रोख नसेल तर घोड्याला वैरण, कुंपणाचं लाकूड, अंगमेहनत, शिवलेली गोधडी, काहीही चालायचं. फुकट द्यायचं नाही हा आग्रह मुद्दाम होता, डोंगरातली माणसं मानी, भीक म्हटलं की दार लावतील. आता पाच डॉलरमध्ये खर्च काही निघत नव्हता, मुख्य पैसा शहरातल्या श्रीमंतांच्या देणग्यांतून यायचा. मेरीबाई दरवर्षी भाषणं द्यायला फिरायच्या, ठिकठिकाणी कमिट्या, स्वतःचं बुलेटिन. श्रीमंत घरातल्या पोरी १९२८ पासून इथे कुरिअर म्हणून फुकट काम करायला यायच्या, घोडे खरारायचे, निरोप न्यायचे, पाहुणे आणायचे, आणि परत गेल्यावर आपोआप आयुष्यभराच्या देणगीदार व्हायच्या. हुशार होती बाई!

आकड्यांकडे येते. पहिली एक हजार बाळंतपणं झाल्यावर सगळी रेकॉर्ड्स मेट्रोपोलिटन लाइफ या विमा कंपनीकडे गेली, तिथले संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांनी ती तपासली आणि १९३२ मध्ये निष्कर्ष आले. एकही आई गर्भारपण किंवा बाळंतपणाच्या थेट कारणाने दगावली नव्हती. त्याच सुमाराला अमेरिकेत दर दहा हजार जिवंत जन्मांमागे साठ-सत्तर आया मरत होत्या. म्हणजे हजारात सहा-सात. डब्लिन यांनी लिहिलं की अशी सेवा देशभर मिळाली तर वर्षाला दहा हजार आयांचे जीव वाचतील. पुढे पहिल्या दहा हजार बाळंतपणांचा हिशोब झाला तेव्हा त्यात मातामृत्यू अकरा.

एक हजार हा आकडा लहान आहे, त्यावर नाचू नये हे मला कळतं. पण दुसरी बाजू बघा. त्याच काळात, १९३३ मध्ये, न्यूयॉर्क शहरातल्या मातामृत्यूंची तिथल्या अ‍ॅकॅडमी ऑफ मेडिसिनने तपासणी केली तर निघालं की जवळपास दोन तृतीयांश मृत्यू टाळता येण्याजोगे होते. देशातलं सगळ्यात श्रीमंत शहर, हॉस्पिटलं, स्पेशालिस्ट, भूल, बाळ ओढून काढायचे चिमटे, सगळं हजर. चिमट्यांची घाई हाही त्यातल्या दोषांपैकी एक होता. आणि इकडे कंदील, पेपर आणि उकळलेलं पाणी. मला यातून हॉस्पिटल वाईट आणि घर चांगलं असं काही म्हणायचं नाहीये, प्लीज कमेंटमध्ये नैसर्गिक प्रसूतीवाले आणि त्यांचे विरोधक यांनी इथे कुस्ती खेळू नका. घरी रक्तस्राव सुरू झाला आणि गाडी नाही, ते काय असतं हे मला माहितेय, ज्याला माहितेय तो घरच्या बाळंतपणाची गाणी गात नाही. मला एवढंच दिसतं की आधीच्या सात-आठ महिन्यांत ओळखीची, शिकलेली बाई नियमाने घरी येत राहिली, तिने लिहून ठेवलं, आणि वेळेवर पुढे पाठवलं, तर खोपटात सुद्धा बाई जगली.

आता जे गोड नाही ते. मेरीबाई वर्णाच्या बाबतीत आपल्या घराण्याच्याच होत्या. आजोबा गुलामगिरी राखणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढलेले सेनानी, आणि नातीच्या संस्थेत काळ्या नर्सना नोकरी नव्हती. देणग्या मागताना डोंगरातले लोक शुद्ध जुन्या इंग्रज रक्ताचे आहेत हो, यांना वाचवा, असाही सूर लावला जायचा. दक्षिणेत तेव्हा कितीतरी काळ्या मिडवाइफ हजारो बाळंतपणं करत होत्या, त्यांना शिकवलं असतं तर काय झालं असतं हा विचार मनात येतोच. संस्थेच्या वारस असलेल्या विद्यापीठाने अलीकडच्या काळात हा इतिहास उघडपणे मान्य केलाय, पण फोटोखालच्या कॅप्शनपर्यंत तो अजून काही पोचलेला नाही.

आणि ग्रॅनी. त्यांचं काय झालं हा प्रश्न मला जास्त छळतो, कारण मी पण एका परीने त्याच, म्हणजे सुईणींच्या जागी आलेल्या नर्सच्या, बाजूची आहे. त्या ५३ जणींची माहिती घेतली ती मुख्यतः त्या किती अडाणी आहेत हे दाखवायला. त्यांच्या काही पद्धती खरंच जीवघेण्या होत्या, यात वादच नाही. पण कुठल्या घरात कोण मारतं, कुठली पोर कळा लपवते, कुणाला मागच्या वेळी वार अडकली होती, हे ज्ञान कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळत नाही, ते म्हाताऱ्या सुईणीकडेच असतं. माझ्या एरियात एक सुईण आजी होत्या, सुरुवातीला मला उभं करायच्या नाहीत, नंतर स्वतः निरोप पाठवायच्या की सिस्टर, अमकीच्या पोटाचा घेर बरोबर दिसेना मला, येऊन जा. जुळं निघालं होतं.

पुढचं पटकन सांगते. १९३० मध्ये दुष्काळ आणि मंदी एकदम आली, देणग्या आटल्या, पगार कापले, तरी बऱ्याच जणी राहिल्या. १९३१ मध्ये मेरीबाई घोड्यावरून पडून पाठीचा मणका मोडून बसल्या, तरी काम सोडलं नाही. १९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि संस्थेतल्या पुष्कळशा इंग्लिश नर्स मायदेशी निघून गेल्या. इथे आणखी कुणी असतं तर सेंटरं बंद केली असती. यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्वतःची मिडवाइफरी शाळा उघडली. ती शाळा आज फ्रंटिअर नर्सिंग युनिव्हर्सिटी आहे, आणि अमेरिकेतल्या किती नर्स-मिडवाइफ तिथून निघाल्यात त्याला गणती नाही.

घोडे कुणी काढून टाकले नाहीत, रस्ते आले म्हणून ते गेले. युद्धानंतर जीपगाड्या आल्या, मग पक्के रस्ते, मग बायका स्वतःच हायडनला जाऊन बाळंत व्हायला लागल्या. मेरीबाई १९६५ मध्ये वारल्या. १९७० मध्ये त्यांच्या शाळेने फॅमिली नर्सचा कोर्स काढला, १९७५ मध्ये हायडनला त्यांच्या नावाचं नवीन हॉस्पिटल उघडलं, आणि घरच्या बाळंतपणाची ती सगळी यंत्रणा हळूहळू मिटत गेली. ते बरंच झालं असं मला वाटतं. फक्त एक गोष्ट त्याबरोबर गेली ती जायला नको होती, ती म्हणजे डिलिव्हरीनंतरचे दहा दिवस. हॉस्पिटलमधून तिसऱ्या दिवशी घरी आलेल्या बाईचा दहावा दिवस कुणी बघत नाही. टाका पिकला, स्तनात गाठ झाली, बाळ नीट ओढत नाही, बाई रडतेय आणि कुणाशी बोलत नाहीये, हे सगळं पाचव्या ते दहाव्या दिवसात दिसतं, आणि ते दिसायला दारातून आत जावं लागतं, फोनवर सगळं बरं आहे असंच सांगतात.

या नर्सेस, कुरिअर आणि त्यांच्या हातावर जन्मलेल्या माणसांच्या मुलाखती युनिव्हर्सिटी ऑफ केंटकीने रेकॉर्ड करून ठेवल्यात, मौखिक इतिहास म्हणून. सध्या दुपारी मी त्याच ऐकत पडलेली असते. डोंगरातलं इंग्लिश अर्धं डोक्यावरून जातं, सुनेला दोनदा-तीनदा मागे घ्यायला लावते. मध्येच एखादी म्हातारी नर्स खोगिरातली कुठली वस्तू कुठे ठेवायचो ते सांगायला लागते आणि मग मी सुनेला म्हणते, थांब, हे नीट ऐकू दे.